कोल्मारचं मातीचं भांडं

एडिसन, न्यू जर्सी
८ सप्टेंबर

ती. ताईस,
गुरूचा शि. सा. न. वि. वि.

पत्र लिहायला बसलो याचा अर्थ फोनवर हरलो. रविवारी तुला एकच गोष्ट तीनदा विचारली आणि तिन्ही वेळा तू हर्नडनला अजून उकडतंय असं सांगितलंस. तुझ्या लेकाने, यतीनने, घेऊन दिलेलं कानाचं यंत्र ड्रॉवरमध्ये ठेवायचं आणि नको तो विषय निघाला की ऐकू येत नाही म्हणायचं, ही तुझी युक्ती मला पाठ आहे. माझे कान अजून शाबूत आहेत. म्हणून कागदावर येतो.

बातमी अशी की राधिकाच्या होणाऱ्या सासूबाई, ओडिलबाई, एकदाच्या यायला तयार झाल्या. साखरपुडा शनिवारी, एक नोव्हेंबरला, इथे आयसेलिनच्या हॉलमध्ये. आतापर्यंत या बाई दर रविवारी व्हिडिओवर यायच्या, राधिकाकडे पासपोर्ट तपासणाऱ्यासारखं बघायच्या आणि हवामान सांगून जायच्या. एकुलता एक मुलगा समुद्रापलीकडे गेला, आता तो तिकडचाच होणार, हे त्यांच्या पोटात दुखतंय. मला ते समजतं. मलाही एकच आहे. पण माझी पोर वाळत चालली आहे गं. आई लहानपणी गेली, निदान सासू तरी आपली म्हणेल, एवढीच तिची आशा.

होणारा जावई ल्युक, त्याची माणसं आल्सासची, कोल्मार गावची. फ्रान्सचा जर्मनीला चिकटलेला तुकडा. मी एकदा त्याला सहज फ्रेंच म्हणालो तर त्याने मला अर्धा तास दुरुस्त केलं. त्याच्या पणजीने एकाच घरात राहून तीनदा देश बदलला. घरात एक भाषा, कचेरीत दुसरी, चुलीवर दोन्हीकडचं. मी म्हटलं, बाबा रे, बेळगावच्या माणसाला हे शिकवू नकोस. आम्ही कानडीत भाजी घेऊन मराठीत फोडणी देणारी माणसं.

ही समजूत दाखवली तिथेच चुकलो. आता त्याला साखरपुड्याला त्याच्याकडचं सगळं जेवण हवंय. शुक्रूत म्हणून एक प्रकार आहे. कोबी बारीक चिरायचा, मीठ लावून बरणीत दाबायचा आणि आठवडेच्या आठवडे आंबू द्यायचा. त्याच्या अपार्टमेंटमध्ये परवानगी नाही म्हणून ती बरणी माझ्या गराजमध्ये! शेजारच्या बाई गॅस लीक झाला म्हणून फोन करायला निघाल्या होत्या. आणि हा कोबी तिकडे शिजवतात डुकराच्या सॉसेजबरोबर, वर पांढरी वाइन ओतून. माझ्या दुकानावर शुद्ध शाकाहारी पाटी आहे हे मी त्याला नम्रपणे सांगितलं. त्याने नुसत्या बटाट्यावर तडजोड केली, पण चेहरा असा की जणू मी त्याला चक्क्याशिवाय श्रीखंड करायला सांगितलं. तार्त फ्लांबे मात्र जमला. पातळ रोटी, वर आंबट मलई आणि कांदा. आमचा मुख्य आचारी राजेश, त्याने तो तंदूरमध्ये लावला आणि ल्युकने उभ्या उभ्या चार खाल्ले.

मूळ काम राहिलंच. ल्युकने चैत्रात तुला जे मातीचं भांडं आणून दिलं, ते पुढच्या आठवड्यात यतीन इकडे येतोय त्याच्याबरोबर पाठव. ओडिलबाईंना लागणार आहे. नीट गुंडाळ.

लोभ आहेच, त्याच्या जोडीला थोडं लक्षही असू दे.
तुझा,
गुरू


हर्नडन, व्हर्जिनिया
१७ सप्टेंबर

चि. गुरूस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. अक्षर अजून किराणा मालाच्या यादीसारखंच आहे.

राधिकाची बातमी वाचून बरं वाटलं. तिला सांग, सासूने लगेच कौतुक केलं नाही तर घाबरू नये. माझ्या सासूबाईंनी पहिली दोन वर्षं माझ्या हातचा चहा अर्धा ठेवला होता. पुढे त्यांना दुसऱ्या कुणाच्या हातचा चालेना.

त्या कोबीच्या बरणीवर रोज झाकण दाबून ठेव. आंबवायला हरकत नाही, आपणही आंबोळ्या आंबवतोच. पण आपण आंबवलेल्याची गावभर द्वाही फिरवत नाही. हॉलमध्ये वाइन ठेवणार असशील तर बाजूच्या टेबलावर ठेव आणि आपल्या मंडळींना ते टेबल कुठे आहे ते विचारायला लावू नकोस. ते आपले आपण शोधतील. कुंदा मात्र तुझ्याच दुकानचा हवा. त्या बाईंना पहिल्यांदा कुंदा दे, मग बोल.

यतीन येऊन गेला असेलच. त्याच्याबरोबर मेतकूट, भाजणी आणि तुझ्यासाठी विणलेला स्वेटर पाठवला आहे. बाह्या लांब वाटल्या तर दुमड. सूनबाईचं, गिरिजाचं, ऑफिस आता पुन्हा रोजचं झालं आहे, त्यामुळे बिचारी सकाळी सातलाच ड्राइव्ह करत निघते आणि मी एकटी पॅटिओवर बसते. हवा छान आहे. माझी तुळस यंदा अशी काही फोफावली आहे की विचारू नकोस.

गुडघ्याला तेल लाव. माझी माया तुला ठाऊक आहे, पुन्हा लिहीत नाही.
तुझी,
ताई


एडिसन
२६ सप्टेंबर

ती. ताईस,
शि. सा. न.

यतीन आला. मेतकूट आलं. भाजणी आली. एका माणसाच्या दोन बाह्यांत दोन माणसं मावतील असा स्वेटर आला. भांडं आलं नाही. यतीनला विचारलं तर तो म्हणाला, आईने त्याबद्दल काही सांगितलं नाही, आणि एवढं बोलून एकदम फोनमध्ये तोंड खुपसलं. मी आयुष्यभर गिऱ्हाइकांचं न बोललेलं ऐकत आलो, ताई. दुकान त्यावरच उभं राहिलं. तुझ्या पत्रात सगळ्या गोष्टींना उत्तर आहे, एका गोष्टीला नाही.

मीच नीट सांगितलं नाही असं धरून चालतो. ऐक. ते भांडं म्हणजे साचा आहे. त्यात कुगेलहोफ भाजतात. दूध, लोणी, अंडी घातलेली यीस्टची कणीक, त्यात बेदाणे, खाली प्रत्येक खाचेत एकेक बदाम. मधे जे मातीचं नळकांडं उभं आहे ते आच आतपर्यंत पोचावी म्हणून. उलटा करून काढला की पगडीसारखा दिसतो. रविवारी सकाळी कॉफीबरोबर खातात. त्यांच्याकडे असं मानतात की नव्या साच्यात तो कधी नीट होत नाही. साचा जितका जुना, लोणी पिऊन काळा झालेला, तितका चांगला. साबण लावायचा नाही. ल्युकच्या एका मावशीने कुणाचा तरी साचा साबणाने घासला, तर दोघी बहिणी वर्षानुवर्षं बोलल्या नाहीत. हे त्याने मला हसत सांगितलं, पण हसू डोळ्यांत नव्हतं.

हा साचा ओडिलबाईंच्या आईचा. त्यांच्या घरची रीत अशी की मुलाचं ठरलं की साचा मुलीकडच्या सगळ्यांत वडील बाईच्या हवाली करायचा. साखरपुड्याच्या सकाळी त्यातला पहिला कुगेलहोफ दोन्ही घरांनी मिळून खायचा आणि मग साचा सुनेचा. आमच्याकडे वडील बाई तूच, म्हणून ल्युक तो तुझ्याकडे घेऊन आला. आणि ही दोन शहाणी मुलं, तुला धड काही न सांगता, आजीच्या घरची वस्तू आहे, सांभाळ, एवढं म्हणून परत ड्राइव्ह करत आली. विचारलं तर राधिका म्हणते, बाबा, आम्हाला वाटलं दिसतंय ना ते काय आहे!

त्या बाईंनी घरातली तीच एक वस्तू आधी पाठवली आणि मग स्वतः यायला हो म्हटलं, हे लक्षात घे. साचा टांगलेला भिंतीवरचा खिळा त्यांनी रिकामा केला आहे.

मी स्टीलच्या साच्यात दोनदा करून पाहिला. राजेशने घरी येऊन कणीक भटुऱ्यासारखी मळली. पहिला वीट झाला, दुसरा वीटभट्टी. तेव्हा कृपा करून साचा पाठव. यतीनला वेळ नसेल तर मी स्वतः येतो.

तुझ्या मायेवर हक्क सांगणारा,
गुरू


हर्नडन
४ ऑक्टोबर

चि. गुरूस,
अ. उ. आ.

येऊ नकोस. आधी वाच.

तू भांडं मागितलंस ते मी तेव्हाच नीट वाचलं होतं. दिलेली वस्तू परत मागतात का, असं वाटलं, म्हणून त्याऐवजी भाजणी पाठवली. आता तुझं पत्र वाचून सांगणं भाग आहे.

त्यात तुळस आहे.

आता ओरडून झालं असेल तर पुढे वाच. तुझे भावोजी गेले त्या वर्षी शेवटचे बेळगावला जाऊन आले होते, तेव्हा अंगणातल्या तुळशीच्या मंजिऱ्या शर्टाच्या खिशात घालून आणल्या होत्या. त्यांची तीन रोपं मी इथे लावली आणि तिन्ही व्हर्जिनियाच्या थंडीने नेली. शेवटची चिमूटभर उरली होती. ती लावायचा धीर होत नव्हता. हे रडगाणं मी राधिकाला फोनवर सांगितलं होतं. आणि पंधरा दिवसांत तो मुलगा दारात उभा. हातात काय, तर मातीचं, बाजूने पाकळ्या पाकळ्यांचं, आणि मधोमध दिवा ठेवायला उंच जागा केलेलं. गुरू, तू तुझ्या गळ्याची शपथ घेऊन सांग, ते वृंदावन दिसत नाही तर काय दिसतं?

मला वाटलं, या पोराला कळलं. परदेशातला पोर, आत्याची तुळस गेली म्हणून कुठूनसं वृंदावन शोधून आणतो. तोपर्यंत हे लग्न माझ्या मनात नव्हतं, हे तुलाही माहीत आहे. त्या दिवशी मी हो म्हटलं. माझा होकार त्या भांड्यावर उभा आहे. आणि तू आता मला सांगतोस की मी सहा महिने केकच्या भांड्याला नमस्कार घालते आहे!

खाली विटकरीचा चुरा घातला, वर माती, मंजिऱ्या गोल पेरल्या. गिरिजाला बजावलं की तांब्याभर पाणी ओतायचं नाही. आता चारी बाजूंनी तुळस आणि मधे पणती. संध्याकाळी बघायला ये, मग बोल.

तर ती मी उपटणार नाही. कार्तिकात तर नाहीच. दोन नोव्हेंबरला द्वादशी, त्या दिवसापासून तुळशीची लग्नं. तुझ्या लेकीचं लग्न ठरवायला लग्नाच्या नवरीला उपटून कचऱ्यात टाकू? त्यानंतर काय ते बघू.

तू चिडला आहेस हे इथवर ऐकू येतं, यंत्राशिवाय. आशीर्वाद तरीही आहेत.
ताई


एडिसन
११ ऑक्टोबर

ती. ताईस,
नमस्कार. साष्टांग घालायच्या मनःस्थितीत नाही.

तुझं पत्र दुकानात उभ्यानेच वाचलं. गल्ल्यावरच्या मुलीने मला पाणी आणून दिलं. साबण लावला म्हणून जिथे बहिणी तुटतात, तिथे तू शेणखत घातलंस! घातलंस ना? तू घातल्याशिवाय राहणार नाहीस.

तू नवरी म्हणतेस ती कुंडीत आहे. माझी नवरी इथे दोन महिने फ्रेंच शिकते आहे, बेसिनशी उभी राहून पुटपुटते आहे, सासूला शब्द आवडावा म्हणून. परवा तिने मला विचारलं, बाबा, आत्याकडे साचा नीट आहे ना? मी म्हटलं, देवासारखा ठेवला आहे. खोटं नव्हतं, हेच दुर्दैव.

तुला उपटायला सांगत नाही. सांगून उपयोग नाही, हे मला मी पाच वर्षांचा असल्यापासून माहीत आहे. म्हणून माझा उपाय केला. पेनसिल्व्हेनियात जुन्या मातीच्या भांड्यांचं दुकान आहे. तिथे तसाच साचा मिळाला. तसाच म्हणजे तस्साच. तपकिरी, पाकळ्या, नळकांडं, एका कडेला टवका. ल्युकच्या फोटोशी ताडून पाहिला. त्याला आठवडाभर तूप लावून मंद आचेवर तापवतो आहे. ओडिलबाई येतील तोवर तो शंभर वर्षांचा दिसेल. राधिकालाही काही सांगितलेलं नाही.

आता तुझ्या वाट्याचं काम. ओडिलबाईंचं विमान तुमच्याकडच्या डलेस विमानतळावर उतरतंय, तुमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, कारण ल्युकचं त्या आठवड्यात तिकडेच ऑफिसचं काम आहे. दोन रात्री त्या तुमच्याकडे राहणार. हे मला काल कळलं. मी तिकीट बदलायचा प्रयत्न केला, जमलं नाही. तेव्हा ते दोन दिवस तुळस यतीनच्या खोलीत, पडदा ओढून. पणती लावायची तर तिथे लाव, स्मोक अलार्म काढून ठेवायला सांग. बाईंनी साच्याचं विचारलं तर गुरूकडे आहे म्हण. त्यात काही खोटं नाही. एक साचा गुरूकडे आहेच.

एवढं एक माझ्यासाठी नाही, राधिकासाठी कर. मग लोभ, राग, जे काही असेल ते वाढव.
गुरू


हर्नडन
३० ऑक्टोबर

चि. गुरूस,
अ. उ. आ.

हे पत्र ओडिलबाईंच्या पर्समधून पाठवते आहे. पोस्टाने पोचेपर्यंत साखरपुडा होऊन जाईल आणि फोनवर तू मला बोलू देत नाहीस. त्या दारात आल्या की आधी हे वाच, मग तोंड उघड. तुझी सवय उलटी आहे म्हणून सांगते.

तुळस मी हलवली नाही. यतीन हलवायला निघाला होता. मी म्हटलं, पाहुण्यांपासून लपवायची ती वस्तू घरात ठेवू नये आणि घरात ठेवायची ती लपवू नये. पॅटिओवरच राहिली.

बाई आल्या. माझ्याहून बुटक्या, पायात सपाट जोडे, हातात स्वतःची पिशवी स्वतः. पिशवीत घरचे आल्याचे केक आणि एक चीज, ज्याच्या वासाने गिरिजाने खिडक्या उघडल्या. ते त्या चक्क शहाजिऱ्यासारखं काहीतरी लावून खातात. चहा व्हायच्या आधी त्यांची नजर काचेच्या दारातून बाहेर गेली. तिथेच थांबल्या. खांद्यावरची पर्स काढली नाही. त्यांच्या भाषेत एकच शब्द बोलल्या आणि मला म्हणाल्या की प्रवासाने डोकं दुखतंय. रात्री नुसता वरणभात चिवडला. ल्युक हळू आवाजात काहीतरी समजावत होता, त्याला हाताने थांबवलं. मला तो हात ओळखीचा वाटला. आपली आई असाच करायची.

रात्रभर मला वाटत राहिलं, माझ्या हट्टापायी पोरीचं नुकसान झालं. सकाळी आंघोळ केली, दिवा लावला, तुळशीला नमस्कार केला, तिला म्हटलं की माफ कर बाई, आणि खुरपं घेतलं. पहिलं रोप मुळाशी सैल केलं असेल नसेल, मागून बाईंनी माझं मनगट धरलं. स्वेटर घालून उभ्या. मी उठल्यापासूनचं सगळं त्यांनी दाराआडून पाहिलं होतं.

इंग्लिश बोलायला गिरिजाला बोलावलं. त्यांनी विचारलं, हे रोज करता? मी म्हटलं, रोज. मग सगळंच सांगितलं. खिशातल्या मंजिऱ्या, मेलेली रोपं, वृंदावन. वृंदावन सांगताना गिरिजाला हसू आवरेना, मला रडू. बाईंनी साच्याच्या कडेवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या की त्यांची आई रविवारी सकाळी भट्टीपुढे अशीच उभी राहायची, कुगेलहोफ फुगेपर्यंत कुणाशी न बोलता. ती गेल्यावर साचा खिळ्याला टांगला. त्यांच्या स्वतःच्या हातून त्यात तो कधी आईसारखा झाला नाही, म्हणून करायचंच सोडून दिलं. नाताळात तेवढी धूळ पुसायच्या. ते मुलाला कधी कळू दिलं नाही.

सैल झालेल्या रोपाची माती त्यांनीच दाबली. बोटांनी, माझ्याहून नीट.

तुझ्या पेनसिल्व्हेनियाबद्दल मी अवाक्षर काढलेलं नाही. तुझं तू निस्तर. शेणखत घातलं होतं, हे मात्र मी त्यांना सांगितलं आहे. त्यांना त्याचं काही वाटलं नाही. त्या शेतकऱ्याच्या घरच्या आहेत.

अक्कल आणि आशीर्वाद, दोन्ही पाठवते आहे.
ताई


एडिसन
३ नोव्हेंबर

ती. ताईस,
गुरूचा शि. सा. न. वि. वि. या वेळी खरोखर साष्टांग, गुडघा दुखत असतानाही.

तुझं पत्र मिळालं. कधी मिळालं ते सांगतो.

गुरुवारी संध्याकाळी गाडी दारात लागली तेव्हा मी पायरीवर उभा होतो. हातात चांदीचं ताट, ताटात रेशमी खण, खणावर साचा, तुपाने चकचकणारा. बाई उतरल्या, त्यांनी पर्सकडे हात नेला, आणि मी सुरू झालो. मला वाटलं रुमाल काढताहेत. मी म्हटलं, बाई, तुमच्या आईची ही ठेव माझ्या बहिणीने देवासारखी सांभाळली. म्हटलं, आम्ही बेळगावचे, मातीचं मोल आम्हाला शिकवावं लागत नाही, आमच्याकडे मांडे पालथ्या खापरावर करतात. म्हटलं, याच्यावर हात ठेवा, तुम्हाला तुमचं घर आठवेल. ल्युक मला डोळ्याने खुणावत होता. मला वाटलं, त्याच्या डोळ्यात काही गेलं. बाई शेवटपर्यंत ऐकत होत्या. मग साच्यावर हात ठेवला, मान हलवली, ल्युकपाशी त्यांच्या भाषेत काहीतरी पुटपुटल्या आणि दोघंही हसले. या माझ्या तीक्ष्ण कानांनी ते हसणं ऐकलं, ताई, आणि मी ते आनंदाचं समजलो.

शनिवारी पहाटे त्या आमच्या स्वयंपाकघरात उतरल्या. माझे ओव्हनचे हातमोजे बाजूला सारले, राजेशला बेदाणे निवडायला बसवलं, राधिकाला कणीक दिली. राधिका मळताना बिचकत होती. त्यांनी तिच्या हातांवर आपले हात ठेवून कणीक आपटायला शिकवली. आपट, आणखी आपट, भिऊ नको, असं काहीतरी असावं. ते फ्रेंच राधिकाला कळलं. मला एवढंच ऐकू आलं की माझी पोर दोन महिन्यांत पहिल्यांदा न पुटपुटता बोलते आहे.

कुगेलहोफ फुगला. साच्याच्या वर दोन बोटं आला. उलटा केला तर एकही पाकळी तुटली नाही, बदाम जिथल्या तिथे. बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. मग खुर्ची ओढून बसल्या आणि डोळे पुसले. मी मनात म्हटलं, गुरुनाथ, काय डोकं चालवलंस!

सगळ्यांचं खाऊन झालं, कॉफी झाली. तेव्हा त्यांनी पर्स उघडली आणि तुझं पत्र माझ्यापुढे ठेवलं. मी तिथेच वाचलं. टेबलावर सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. चष्मा पुसून पुन्हा वाचलं, त्यात काही बदल झाला नाही. वर पाहिलं तर बाई पेनसिल्व्हेनियाचा साचा मांडीवर घेऊन फडक्याने पुसत होत्या. पुसता पुसता, शाळेतल्या इंग्लिशमध्ये, एकेक शब्द जुळवत मला विचारलं,

"आणि मिस्टर गुरुनाथ, या साच्यात तुम्ही काय लावणार आहात?"

राधिकाला आधी काही कळेना. ल्युकने सांगितलं. ताई, ती हसली ना, तिच्या आईसारखी. खुर्चीवरून घसरेपर्यंत. आणि पडताना धरलं कुणाला, तर सासूला.

जुना साचा तुझ्याकडेच राहील, असं बाईंनी ठरवलं आहे. राधिकाचं घर झालं की तो तिच्याकडे जाईल, त्यात जे असेल त्यासकट. मी तुळशीच्या लग्नाचं सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं की नवरा कोण. उसाच्या कांडीशेजारी ठेवलेला कृष्ण हे मी जमेल तसं समजावलं, आणि त्यांनी परतीचं विमान पुढे ढकलून उद्या हर्नडनला यायचं ठरवलं आहे, पौर्णिमेच्या आत. ल्युक ड्राइव्ह करणार. या पत्राचा फोटो आत्ताच यतीनच्या फोनवर पाठवतो आहे, तेव्हा दोन खोल्या तयार ठेव. कोबीची बरणीही येते आहे. ती माझ्या गराजमधून गेली तर तुझे माझ्यावर फार उपकार होतील. चीज त्यांनी आणखी आणलंय. गिरिजाला खिडक्या आधीच उघडायला सांग.

परत येताना त्यांच्याकडे माझ्या पेनसिल्व्हेनियाच्या साच्यासाठी एक रोप दे. ते सैल झालेलंच दे. त्या मला रोज विचारणार आहेत, साच्यात काय लावलं म्हणून, आणि मला त्यांच्यापुढे पुन्हा तोंड उघडायचं नाही.

स्वेटरच्या बाह्या दुमडल्या आहेत. लोभ तुझा आहेच, तो मी न ऐकता ऐकतो.
तुझा,
गुरू